प्रश्न विचारणारे आणि उत्तरे देणारे

(अलीकडच्या चार चित्रपटांविषयी एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चित्रपटांविषयी बोलण्यासाठी तुम्ही एखाद्या समीक्षकाला बोलावले असते तर ते अधिक योग्य झाले असते. मी समीक्षक नव्हे. तिकीट काढून अंधारात बसणारा आणि बाहेर पडल्यावर घरापर्यंतच्या वाटेवर त्या चित्रपटाचाच विचार करीत राहणारा एक प्रेक्षक, एवढीच माझी पात्रता आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ती माझी वैयक्तिक मते आहेत. ती तुमच्यावर लादण्याची माझी इच्छा नाही. परंतु कोणाला रुचणार नाहीत म्हणून ती मऊ करून सांगण्याचीही नाही.

सामाजिक कामात पडलेल्या माणसांचे चित्रपटाशी असलेले नाते काहीसे चमत्कारिक असते. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटतो. दुसरे काही त्याच्याकडे प्रचाराचे साधन म्हणून पाहतात. त्यात योग्य तो संदेश आहे की नाही एवढे तपासून ते त्याला पास किंवा नापास करून मोकळे होतात. माझ्या मते हे दोघेही चित्रपट पाहतच नाहीत. संदेश सांगावयास एक पत्रक पुरते. त्यासाठी दोन तासांचा चित्रपट काढण्याचे कारण नाही. पत्रकाला जमत नाही अशी एक गोष्ट चित्रपट करू शकतो. तो प्रेक्षकाला एका विशिष्ट जागी नेऊन बसवतो आणि तेथून जगाकडे पाहावयास लावतो. म्हणून कोणताही चित्रपट पाहून झाल्यावर मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतो: याने मला कोणाच्या शेजारी बसवले?

या कसोटीवर मला आज चार चित्रपटांविषयी बोलावयाचे आहे. चारही २०२४ ची अखेर आणि २०२५ चे वर्ष या काळात आपल्याकडच्या चित्रगृहांत आले. पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' नोव्हेंबर २०२४ मध्ये, जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' मार्च २०२५ मध्ये, आणि रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' व नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' हे दोन्ही सप्टेंबर २०२५ मध्ये. दोन मराठी, एक हिंदी, आणि एक मल्याळम, हिंदी व मराठी अशा तिन्ही भाषांत बोलणारा. विषय वेगळे, प्रदेश वेगळे, सांगण्याची रीतही वेगळी. तरीही चौघांत एक प्रसंग निरनिराळ्या रूपांत परत परत येतो. एक बाजू आरामात बसून प्रश्न विचारीत असते, आणि दुसऱ्या बाजूला अवघडून उत्तरे द्यावी लागतात. नाव काय? पूर्ण नाव सांग. उंची किती? घराचा कागद आहे का? लग्न केव्हा करणार? विचारणाऱ्याला हा अधिकार कोणी दिला, हे मात्र कोणीच विचारीत नाही. आज मला या प्रसंगाविषयीच बोलावयाचे आहे.

स्टुलावर बसलेली मुलगी

'स्थळ'चे कथानक दोन वाक्यांत सांगता येते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यात सविता नावाची मुलगी आहे. ती समाजशास्त्र घेऊन पदवीचा अभ्यास करते आहे आणि तिला स्पर्धा परीक्षा द्यावयाची आहे. तिच्या आईवडिलांना तिचे लग्न उरकावयाचे आहे, आणि ती रंगाने सावळी व उंचीने कमी असल्यामुळे ते जमत नाही. बस्स. दिग्दर्शकाने हा चित्रपट आपल्याच डोंगरगाव या गावी, बहुतांशी तेथल्याच माणसांना घेऊन केला. त्यामुळे पडद्यावर जी वऱ्हाडकडची, झाडीपट्टीच्या वाऱ्याची बोली ऐकू येते ती शिकवलेली वाटत नाही.

चित्रपटाची सुरुवात एका स्वप्नाने होते. त्या स्वप्नात पाहुण्या म्हणून बायका आल्या आहेत, आणि मधोमध बसवलेला आहे तो मुलगा. प्रश्न बायका विचारतात, उत्तरे तो देतो. प्रेक्षक हसतात. मीही हसलो. मग सविता जागी होते, आणि पुढचा सगळा चित्रपट तोच प्रसंग सरळ बाजूने, पुन्हा पुन्हा दाखवतो. पाहुणे येतात, पाणी दिले जाते, पोहे येतात, चहा येतो, मुलगी येऊन स्टुलावर बसते. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, आवड, शेतातली कामे येतात का. मग ती आत जाते. काही दिवसांनी नकार येतो. पुन्हा पाहुणे, पुन्हा पोहे.

या पुनरावृत्तीने चित्रपट कंटाळवाणा होतो, अशी तक्रार मी चित्रगृहाबाहेर ऐकली. मला ती मान्य नाही. एकदा दाखवला असता तर हा प्रसंग विनोदी ठरला असता. दोनदा दाखवला असता तर करुण. पाचव्या-सहाव्या वेळी मात्र प्रेक्षकाला स्टूल दिसताच अंगावर काटा येतो, आणि दिग्दर्शकाला नेमके तेच हवे आहे. आपल्याला जे दोन तास सोसवत नाही ते असंख्य मुली दोन-दोन, चार-चार वर्षे सोसतात. तो कंटाळा त्यांच्या आयुष्यातला आहे, चित्रपटाने तो फक्त आपल्यापर्यंत पोचवला.

या चित्रपटातला बाप दुष्ट नाही, हे मला विशेष वाटले. तो कापूस पिकवणारा शेतकरी आहे, भाव चढण्याची वाट पाहणारा, हुंड्याच्या आकड्याने दबून गेलेला. कापूस विकावयास नेला की खरेदी केंद्रावर त्याची ओल पाहतात, धाग्याची लांबी पाहतात, प्रत ठरवतात. त्या ठरवण्यात शेतकऱ्याला बोलावयास जागा नसते. मुलीच्या बाबतीत नेमके हेच त्याच्या घरात चालू आहे, आणि तो ते आपल्याच हाताने करतो आहे. चित्रपट ही तुलना तोंडाने बोलून दाखवत नाही; दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. वर्गात स्त्रियांच्या सक्षमीकरणावर व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाचे पात्र मात्र मला थोडे सोपे वाटले. व्याख्यान आणि वर्तन यांतील अंतर दाखवणे हा आता सर्वांना सापडलेला विनोद आहे. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे त्या माणसालाही आपल्या बोलण्यावर खरोखर विश्वास असू शकतो, हे दाखवणे.

१९३७ साली 'प्रभात'ने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' काढला. शांता आपटे यांनी उभी केलेली त्यातली नायिका म्हाताऱ्याशी फसवून लावलेले लग्न मानावयास नकार देते आणि संबंध घराला जाब विचारते. त्या चित्रपटाला आता ९० वर्षे होत आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, त्यालाही ६० वर्षे उलटून गेली. सविता शिकलेली आहे, पुस्तकातले सर्व शब्द तिला ठाऊक आहेत. तरी स्टुलावर बसल्यावर तिला फक्त उंची सांगावी लागते. आपल्या प्रगतीचा हा हिशेब कोणत्याही अहवालापेक्षा मला अधिक स्पष्ट वाटला.

पूर्ण नाव सांग

'होमबाउंड' उत्तर भारतातल्या एका खेड्यातील दोन मित्रांची गोष्ट सांगतो. चंदन दलित आहे, शोएब मुसलमान. दोघांना पोलीस शिपाई व्हावयाचे आहे. का, तर अंगावर गणवेश आला की कोणी नाव विचारणार नाही, अशी त्यांची भाबडी समजूत आहे. चंदनला कोणी नाव विचारले की तो 'चंदनकुमार' एवढेच सांगतो. समोरचा माणूस थांबतो, आणि पुढचे नाव विचारतो. अर्ज भरतानासुद्धा चंदन राखीव जागेच्या चौकटीत खूण करीत नाही. हक्काची सवलत घ्यावयाची तर त्या कागदावर स्वतःला उघडे करावे लागेल, ही त्याची भीती.

मित्रहो, हे दृश्य उत्तर प्रदेशातले म्हणून आपण निवांत पाहावे असे नाही. आडनाव विचारून जात काढण्याची विद्या महाराष्ट्राला अगदी उत्तम अवगत आहे. एका आडनावाने निश्चिती झाली नाही तर गाव विचारावे, गावाने झाली नाही तर पाहुणे कोठले ते विचारावे. हे सर्व इतक्या आपुलकीने होते की विचारणाऱ्याला आपण काही विचारले असे वाटतच नाही. घायवान यांनी त्या आपुलकीतला चाकू दाखवला, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

शोएबची उलटतपासणी वेगळ्या प्रकारची आहे. तो एका कंपनीत नोकरीला लागतो, कामात हुशार ठरतो. आणि साहेबाच्या घरी क्रिकेटचा सामना पाहताना थट्टेथट्टेत त्याची निष्ठा तपासली जाते. कोणी शिवी देत नाही. सगळे हसत असतात. तो उठतो आणि निघून जातो. चंदनची आई शाळेत मुलांचा स्वयंपाक करावयास लागते, तेव्हा तिच्या हातचे अन्न चालणार नाही म्हणून पालक उभे राहतात. तिघांनाही ज्या परीक्षेला बसावे लागते, तिचा निकाल परीक्षेआधीच लागलेला असतो.

या चित्रपटाविषयी माझी तक्रार आहे, तीही सांगतो. घायवान यांच्या 'मसान' या २०१५ च्या चित्रपटात जो संयम होता तो येथे मधूनमधून सुटतो. पात्रे जे चेहऱ्याने सांगून झाले आहे ते पुन्हा संवादात सांगतात, आणि संगीत प्रेक्षकाला रडण्याची सूचना देते. त्याची गरज नव्हती. चंदनच्या आईच्या टाचांना पडलेल्या भेगा एकदा दिसल्या, की मग त्या घराविषयी आणखी काही सांगावे लागत नाही.

दोघे मित्र अखेर सुरतेच्या कापड कारखान्यात मजुरीला जातात आणि तेथे टाळेबंदी येते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद झाला, हे आपण विसरलेलो नाही. काम थांबले, खाणावळी थांबल्या, गाड्या थांबल्या. लोक चालू लागले. हा चित्रपट ज्या लेखावरून सुचला तो बशारत पीर यांनी २०२० सालीच लिहिला होता; सुरतेहून घरी परतणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाने दुसऱ्याचे डोके रस्त्याकडेला मांडीवर घेतले आहे, अशा एका छायाचित्रामागची ती हकीकत होती. महाराष्ट्रात ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रे त्या वेळी सर्वांनी पाहिली.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात लोकसभेत प्रश्न विचारला गेला की, टाळेबंदीच्या काळात घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले? अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर कामगार मंत्रालयाने दिले. 'होमबाउंड' पाहताना मला हे उत्तर सारखे आठवत होते. चंदनला अर्जात सर्व काही भरून द्यावे लागले होते: नाव, बापाचे नाव, जात, धर्म, पत्ता. तो आणि त्याच्यासारखे किती जण मेले, एवढा एकच आकडा जेव्हा दुसऱ्या बाजूला विचारला गेला, तेव्हा तिच्याजवळ कागद नव्हता.

घर आहे, कागद नाही

कागदाचा हाच प्रश्न 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'मध्ये मुंबईच्या मध्यावर येऊन उभा राहतो. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. शाजी करुण यांच्या 'स्वहम्'नंतर, म्हणजे १९९४ नंतर, त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. त्याच्या दिग्दर्शिका पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी. २०१५ साली तेथे विद्यार्थ्यांचा जो १३९ दिवसांचा संप झाला त्यात त्या होत्या. सन्मानाची बातमी आली तेव्हा अभिनंदन करणाऱ्यांची रीघ लागली. संपाची आठवण फार थोड्यांनी काढली.

प्रभा आणि अनु या दोन मल्याळी परिचारिका एका इस्पितळात काम करतात आणि एका खोलीत राहतात. त्याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पार्वती ही रत्नागिरीकडची बाई कामाला आहे. छाया कदम यांनी ती जी उभी केली आहे त्याला तोड नाही. पार्वतीचा नवरा गिरणीत होता. तो गेला, आणि ती कैक वर्षे ज्या घरात राहते आहे ते पाडावयास बिल्डर आला आहे. वकील विचारतो, कागद काय आहेत? तिच्याजवळ काहीच नाही. आयुष्य तेथे गेले, हा पुरावा होत नाही.

गिरणगावाचा इतिहास या सभेला नव्याने सांगावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी मोकळ्या होत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी सांगितली होती. २००१ साली नियमात बदल होऊन ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. पार्वतीच्या गोष्टीमागे हा सर्व इतिहास आहे. चित्रपट त्यातले एक अक्षरही सांगत नाही. पण श्रीमंतांच्या नव्या इमारतीची जाहिरात करणाऱ्या फलकावर रात्री दोन बायका दगड भिरकावतात, तेव्हा ज्याला तो इतिहास ठाऊक आहे त्याला ते दगड कोठून आले हे कळते.

येथे काही मित्रांशी माझा मतभेद आहे. त्यांचे म्हणणे असे की, पार्वती कामगारांच्या सभेला जाते हे चित्रपट ओझरते दाखवतो आणि मग तिला कोकणात परत पाठवून मोकळा होतो. लढा अर्धवट टाकून समुद्रकिनाऱ्यावरच्या चांदण्यात विसावतो. ही टीका मी गंभीरपणे घेतो. घराचा प्रश्न सुटला नाही, हे खरे. परंतु दिग्दर्शिकेने तो सुटला असे खोटेही सांगितलेले नाही. पार्वती हरून गावी जाते. तेथे विजेची वानवा असलेल्या घरात तिघी एकत्र राहतात. अनु आपल्या मुसलमान मित्राला भेटते. आणि परदेशी गेलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारी प्रभा प्रथमच आपल्या मनातले बोलते. मुंबईत तिघींना सतत कोणाला ना कोणाला उत्तर द्यावे लागत होते. येथे कोणी विचारीत नाही. एवढ्या मोकळीकीत माणूस कसा बदलतो, हे पाहण्यासाठी तो उत्तरार्ध आहे. चळवळीने ज्या समाजाचे स्वप्न पाहिले, त्यात माणसे एकमेकांशी कशी वागतील हे आपल्या ठरावांत कधी लिहिलेले नसते. त्या किनाऱ्यावरच्या टपरीत त्याचा एक नमुना मला दिसला.

आणखी एक छोटा प्रसंग सांगतो. इस्पितळात अनु खिडकीशी बसून आलेल्यांची नावे, वये लिहून घेते. एक अगदी तरुण बाई येते, तीन मुलांची आई. विचारपूस येथेही होते. पण हे प्रश्न समोरच्या बाईला हलके करण्यासाठी विचारलेले आहेत, आणि अनु तिला गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या देऊन टाकते. प्रश्न विचारणे मुळात वाईट नसते. विचारणारा खिडकीच्या कोणत्या बाजूला मनाने उभा आहे, यावर सारे अवलंबून असते.

आईने दिलेले उत्तर

चौथा चित्रपट 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रांच्या विभागात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मराठी चित्रपटाला असा मान तेथे प्रथमच मिळाला. मुंबईतील कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईसह गावी येतो. दहा दिवसांचे सुतक पाळावयाचे आहे. पायांत चप्पल घालावयाची नाही, दुधाचा चहा घ्यावयाचा नाही, असे नियम नातेवाईक सांगत राहतात. त्या जोडीला एक प्रश्न दररोज येतो: लग्न केव्हा करणार? आनंदला पुरुषाविषयी ओढ आहे. गावात त्याला बाळ्या हा लहानपणचा मित्र पुन्हा भेटतो. त्याच्यावरही लग्नाचे दडपण आहे.

असा विषय म्हटला की आपण काय अपेक्षा करतो? रहस्यस्फोट, मारहाण, आत्महत्या, नाही तर शेवटी एखादे तेजस्वी भाषण. येथे यातले काहीही नाही. आनंदच्या आईवडिलांना ते ठाऊक आहे आणि त्यांनी ते आपलेसे केलेले आहे. नातेवाईक विचारतात तेव्हा आई पुढे होऊन काहीतरी उत्तर रचून देते आणि मुलाच्या अंगावर येणारा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेते. नुकताच नवरा गेलेली ही बाई, दुःख करावयाचे सोडून मुलाभोवती खोट्याची भिंत बांधत बसते. जयश्री जगताप यांनी ही आई इतकी साधेपणाने केली आहे की ती अभिनय करते आहे हे लक्षात येत नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाचा हक्क देण्याचे मात्र नाकारले. या दोन तारखांच्या मधल्या जागेत आनंद आणि बाळ्या उभे आहेत: गुन्हेगार नाहीत आणि नवरा-बायकोही होऊ शकत नाहीत. सुतकाच्या घरातल्या प्रश्नाचे खरे उत्तर कायद्याजवळच नाही, तर ते आनंदने कोठून द्यावे?

साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळे. काटे काढल्यावाचून ती तोंडात घालता येत नाहीत. बाळ्या ती आनंदसाठी घेऊन येतो. याहून अधिक प्रेमाचे बोलणे चित्रपटात फारसे नाही. हा चित्रपट फार मवाळ आहे, गावाने इतके सहज घेतले नसते, असा आक्षेप कोणी घेतील. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण क्रौर्य दाखवले की वास्तव दाखवले, असा आपला जो समज झाला आहे तो एकदा तपासून पाहावा. अल्पशिक्षित आईबापांनी मुलाला समजून घेणे हेही आपल्या समाजातले वास्तव आहे. आणि ते पडद्यावर आल्यावाचून दुसऱ्या आईबापांना धीर कोठून यावा? चौघांत मला सर्वाधिक जवळचा वाटलेला चित्रपट हाच.

वरच्या दिशेने विचारलेला प्रश्न

आता या चौघांचे एकत्र पाहून मला जे वाटले ते सांगतो. चारही चित्रपटांनी मला उत्तर देणाऱ्याच्या शेजारी बसवले. सविताच्या स्टुलाची उंची, चंदनच्या आवंढ्याचा आवाज, पार्वतीचे रिकामे हात, आनंदची खाली गेलेली नजर मला अगदी जवळून दिसली. आपल्या चित्रपटाने गेल्या काही वर्षांत मिळवलेली ही मोठी कमाई आहे, असे मी मानतो.

परंतु एक गोष्ट खटकतेही. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना' आठवा. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर गावावर राज्य करणारा हिंदुराव, आणि त्याच्या दारात योगायोगाने आलेला एक फाटका, दारूडा मास्तर. तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले? ज्याच्याजवळ काही नाही तो, ज्याच्याजवळ सर्व आहे त्याला विचारतो. आणि त्या एका प्रश्नाने हिंदुरावाची झोप उडते. प्रश्नाची दिशा खालून वर होती. आजच्या या चारही चित्रपटांत ती दिशा दिसत नाही. सविताला फक्त स्वप्नात ती सापडते. पार्वतीचा दगड फलकावर पडतो, फलक लावणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

याचा दोष मी दिग्दर्शकांना देणार नाही. चित्रपट आपल्या काळापेक्षा फार पुढे धावू शकत नाही. 'सामना'च्या मागे त्या काळच्या महाराष्ट्रातला एक बोलका, जाब विचारणारा वर्ग होता. मास्तरचा प्रश्न प्रेक्षकांनी सभागृहातून बाहेर नेला, तो गावोगाव बोलला जाऊ लागला. आज जर पडद्यावरची माणसे उत्तरेच देत असतील, तर प्रश्न विचारण्याची सवय आपल्यातून किती गेली आहे, हे त्यावरून आपण ओळखावे.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझ्या दोन सूचना आहेत. पहिली साधी आहे. असे चित्रपट मोठ्या चित्रगृहांत एक-दोन आठवडे, तेही गैरसोयीच्या वेळेला लागतात, आणि तालुक्याच्या गावी तर पोचतच नाहीत. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. त्या कामाला थोडी चटई, एक भिंत आणि चार चिकाटीची माणसे लागली. निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन शाळेच्या दिवाणखान्यात, ग्रंथालयात, संघटनेच्या कार्यालयात हे चित्रपट दाखवणे आपल्याला अशक्य नाही. फक्त चित्रपटाआधी अर्ध्या तासाचे प्रास्ताविक करू नका. प्रेक्षकाला काय वाटावे हे त्याला आधी सांगणे म्हणजे त्यालाही स्टुलावर बसवणेच होय.

दुसरी सूचना थोडी अवघड आहे. सर्वेक्षणाला निघालो, सभासद नोंदणीला बसलो, शिबिरात ओळखी करून घेऊ लागलो, की आपल्याही हातात प्रश्नांची यादी असते. त्या वेळी समोरच्याचे नाव विचारून झाल्यावर आपण थांबतो, की आडनावाची वाट पाहतो? मुलीला तिच्या अभ्यासाविषयी विचारतो, की लग्नाविषयी? कागद नसलेल्या बाईला उद्या या म्हणतो, की तिच्याबरोबर खिडकीपर्यंत जातो? आणि ज्यांना आपण इतके विचारतो, त्यांनी आपल्याला काही विचारावे अशी जागा आपल्या बैठकीत कोठे आहे? 'स्थळ' आणि 'होमबाउंड' पाहून डोळे पुसणे सोपे आहे. हे प्रश्न घेऊन बैठकीला जाणे त्याहून अवघड आहे.

माझे बोलणे संपले. आता प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम आहे, असे पत्रिकेत लिहिले आहे. माझी एकच विनंती आहे: पुढच्या रांगेतील मंडळींनी थोडा धीर धरावा, आणि पहिला प्रश्न मागे दाराशी बसलेल्यांपैकी कोणाला तरी विचारू द्यावा.